मदत हवी आहे: वाळपईच्या सीरममध्ये रेटिनॉल कमी का येतंय?

रानमेवा
नमस्कार. पणजीत एमएस्सी बायोकेमिस्ट्री करतेय. प्रबंधासाठी सीरममधलं (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) रेटिनॉल म्हणजे जीवनसत्त्व ए आणि अल्फा टोकोफेरॉल म्हणजे जीवनसत्त्व ई एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मोजते. २०० मायक्रोलिटर सीरम, त्यात इथेनॉलमधून इंटर्नल स्टँडर्ड (रेटिनिल ॲसिटेट, प्रक्रियेत किती वाया गेलं ते कळावं म्हणून ठरलेल्या मापाने घातलेलं), मग हेक्झेनने दोनदा काढायचं, नायट्रोजनखाली सुकवून मिथेनॉलमध्ये घ्यायचं. सी१८ कॉलम, प्रकाश शोषण मोजणारा डिटेक्टर ३२५ आणि २९२ नॅनोमीटरवर.

डिपार्टमेंटमधल्या मुलामुलींचं रेटिनॉल लिटरला १.६-१.८ मायक्रोमोलच्या आसपास येतं. जुलैत वाळपईजवळच्या एका शिबिरातून आणलेले नमुने मात्र बहुतेक १ च्या आगेमागे, काही ०.७ च्याही खाली. ०.७ खाली म्हणजे कमतरता धरतात. इंटर्नल स्टँडर्डचा पीक सगळीकडे सारखा, टोकोफेरॉलही ठीक. सर म्हणतात, "तिकडचे लोक भाजी खात नसतील." माझं आजोळ तिथलंच, सत्तरी तालुक्यातलं. पावसात टाकळा नि अळू न शिजणारं घर मी तिथे पाहिलेलं नाही!

नमुने बसमधून मांडीवरच्या आइसबॉक्समध्ये आणले, उजेड अडवायला ट्यूबना फॉइल नव्हतं. त्यात घोळ असेल का?

संधिप्रकाश
फॉइल हवंच होतं. पण इंटर्नल स्टँडर्डवर विसंबू नका. ते तुम्ही प्रयोगशाळेत घालता, त्यामुळे त्यापुढचं नुकसानच त्यात दिसतं. वाटेत रेटिनॉल उडालं असेल तर त्याला काय कळणार? एकाच हाताचं रक्त दोन ट्यूबमध्ये घ्या. एकीला फॉइल, एक उघडी, आणि तोच प्रवास घडवा.

हळदुलं
टोकोफेरॉल ठीक म्हणताय ते नुसत्या आकड्यावर का? ते लिपोप्रोटीनवर स्वार होऊन फिरतं. कोलेस्टेरॉल चढलं की तेही चढतं. दोन्हींचं गुणोत्तर काढून बघा.

उन्हाळी
यातच जीवनसत्त्व डी पण निघेल का? एका दगडात तीन पक्षी.

संधिप्रकाश
नाही. रेटिनॉल मिलिलिटरला काहीशे नॅनोग्रॅम असतं, २५-हायड्रॉक्सी डी (रक्तात मोजतात ते डीचं रूप) वीस-तीस. एवढ्याशा सीरममध्ये हा डिटेक्टर ते नीट पकडणार नाही. त्याला मास स्पेक्ट्रोमीटर बरा.

कातळवाट
जुलैतलं शिबिर म्हटल्यावर पहिला प्रश्न: ताप-खोकल्याचे किती होते? अंगात आजारपणाचा दाह (इन्फ्लमेशन) असला की यकृत रेटिनॉल वाहून नेणारं प्रथिन, आरबीपी, कमी सोडतं. साठा भरलेला असला तरी रक्तातला आकडा पडतो. सीरम उरलंय का? सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) करा.

रानमेवा
सगळ्यांचे आभार. माझं आणि दोन मैत्रिणींचं रक्त वाळपईला फिरवून आणलं (कंडक्टरने डब्यात मासे आहेत का विचारलं). फॉइलमधलं माझं १.७२, उघडं १.६६. मैत्रिणींचा फरकही असाच किरकोळ. सीरममध्ये रेटिनॉल त्या प्रथिनाला धरून असतं म्हणून बऱ्यापैकी तगत असावं. म्हणजे उजेडाने एवढा घोळ होत नाही.

मग सीआरपी केली. ०.७ खालच्या जवळजवळ सगळ्यांची वाढलेली. शिबिराच्या वहीत त्यांच्यापुढे "खोकला", "अंगदुखी" लिहिलेलं होतं. ते पान माझ्याकडे महिनाभर पडून होतं, मी फक्त नंबर उतरवून घेतले होते.

सीआरपी लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असलेले बाजूला काढले तर उरलेले पणजीच्या बरेच जवळ येतात, पण अगदी बरोबरीत नाही. त्यांना परत बोलावून बरं असताना रक्त घ्यावं, की आहे त्याच आकड्यांत सीआरपीची दुरुस्ती लावावी?

कातळवाट
जमलं तर परत घ्या. चवथीला सगळे गावी घरीच सापडतील. फक्त पहिल्या दिवशी सुई घेऊन जाऊ नका.

रानमेवा
तिसऱ्या दिवशी जाते. फॉइल घेऊन.