घरी ऑक्सिजन मशिन आहे. सोलार घेताना बॅटरीवर अनुदान मिळतं का?

कोयनाकाठ

नमस्कार. आई-बाबा कराडपासून बारा किलोमीटरवर गावी राहतात, मी पुण्यात. बाबांना फुप्फुसाचा त्रास आहे, त्यामुळे वर्षभरापासून घरी पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे. रात्रभर आणि दुपारी थोडा वेळ, मिळून चौदा-पंधरा तास चालतो. आधी महिन्याला सव्वाशे-दीडशे युनिट पडायची, आता २८० च्या खाली येत नाहीत.

पण बिलापेक्षा लाइट जाण्याची धास्ती मोठी आहे. गेल्या मेमध्ये वळवाच्या पावसात तारेवर फांदी पडली आणि रात्री चार तास लाइट नव्हती. आईने बाबांना उशांना टेकवून बसवलं आणि चार तास पुठ्ठ्याने वारा घालत राहिली. मी फोन कानाला लावून इकडे बसलेले. त्या रात्रीनंतर ठरवलं, काय लागेल तो खर्च करायचा, पण हे पुन्हा नको.

एक विक्रेता घर बघून गेला. ५ किलोवॉट हायब्रिड, म्हणजे पॅनेलला बॅटरीही जोडलेली यंत्रणा, लिथियम बॅटरीसह, ४ लाख ६० हजार सांगतोय. त्याचं म्हणणं, पॅनेलचं ७८ हजार अनुदान मिळेल आणि बॅटरीचं वेगळं. ८० टक्के रक्कम आधी मागतोय. बिल अजून आजोबांच्या नावाने येतं, ते २०११ मध्ये वारले. घर ग्रामपंचायतीत बाबांच्या नावावर आहे.

बॅटरीवर खरंच अनुदान आहे का? ५ किलोवॉट योग्य आहे का? आणखी एक, आई विचारते की गच्ची पॅनेलने भरली तर कुरडया-पापड कुठे वाळवायचे. तिच्यासाठी हा प्रश्न खरा आहे, म्हणून विचारते.

मिरज_पूर्व

ताई, माझ्या आईला दोन वर्षं कॉन्सन्ट्रेटर होता, त्यामुळे तुमची ती चार तासांची रात्र मला सांगावी लागत नाही. मार्च २०२५ मध्ये आमच्या गच्चीवर ३ किलोवॉट बसवलं, त्या अनुभवावरून लिहितो.

केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत बॅटरीवर अनुदान नाही. हायब्रिड यंत्रणा बसवायला मनाई नाही, पण अनुदान मोजतात ते पॅनेल आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) यांतल्या कमी क्षमतेवर. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००. तिथे संपलं. ३ किलोवॉटलाही ७८,००० आणि ५ किलोवॉटलाही ७८,०००. वरच्या दोन किलोवॉटचा आणि बॅटरीचा सगळा खर्च तुमच्या खिशातून जाणार. जो माणूस बॅटरीचं वेगळं अनुदान सांगतोय, त्याच्याकडून ते कोटेशनवर लिहून मागा. लिहून देणार नाही.

आता किती किलोवॉट ते बघू. तुमची वर्षाची युनिट साधारण तीन हजार तीनशे. आपल्या भागात एक किलोवॉट पॅनेल वर्षाला चौदाशेच्या आसपास युनिट देतं. म्हणजे अडीचच्या आत भागतं. पण बाबांचे मशिनचे तास वाढू शकतात हे मनात धरून तीन घ्या. अनुदानही पूर्ण मिळतं. पाचाची गरज अजिबात नाही. जास्तीची वीज बाहेरच्या लाइनला जाते आणि ती युनिट आपल्या बिलात महिन्या-महिन्याला पुढे जमा होतात, पण ३१ मार्चला वर्ष बंद होताना उरलेल्या युनिटचे जे पैसे मिळतात ते आपण वीज घेतो त्या दराच्या मानाने फार कमी असतात. वीज विकून कमाई होईल असं कुणी सांगत असेल तर तो हिशोब घरगुती ग्राहकाला लागू पडत नाही.

सगळ्यात आधी मात्र आजोबांचं नाव. अर्ज करणारा, वीजबिल आणि अनुदान जमा होणारं बँक खातं, तिन्ही एकाच माणसाचं हवं. आजोबांचा मृत्यूचा दाखला, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, बाबांचं आधार आणि बाकीच्या वारसांची संमती घेऊन जोडणी बाबांच्या नावावर करून घ्या. आमच्याकडे बिलावरच्या आणि आधारवरच्या आडनावात एका अक्षराचा फरक होता, तेवढ्यासाठी तीन आठवडे गेले. पासबुक, आधार आणि बिल शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने जोडणीला दिलेली क्षमता, एक किलोवॉटचीच असेल तर त्याची काळजी नको. २०२४ च्या नियमांनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची अट नाही आणि लागेल तेवढा भार वीज कंपनीनेच वाढवून द्यायचा आहे.

पैशांबद्दल. अनुदान आधी मिळत नाही. पॅनेल बसतात, नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) लागतो, तपासणी होते, त्यानंतर योजनेच्या पोर्टलवर खात्याचा तपशील भरायचा आणि रक्कम थेट तुमच्या खात्यात येते. विक्रेत्याच्या खात्याचा यात काही संबंध नाही. आम्ही १,९५,००० मोजले होते आणि ७८,००० नंतर आले. ८० टक्के आधी अजिबात देऊ नका. आम्ही चार टप्पे ठरवले: काम सुरू होताना, पॅनेल गच्चीवर चढल्यावर, जोडणी पूर्ण झाल्यावर आणि शेवटचे २० टक्के मीटर फिरायला लागल्यावर. हे शेवटचे राखून ठेवल्यामुळेच आमचा माणूस मीटरच्या कागदांसाठी धावला. हाताशी रक्कम नसेल तर राष्ट्रीयीकृत बँका ३ किलोवॉटपर्यंत तारणाशिवाय कर्ज देतात, जनसमर्थ पोर्टलवरून अर्ज होतो.

कोटेशनवर जीएसटीही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा दर १२ वरून ५ टक्के झाला. पूर्ण कामाच्या किमतीत ७० टक्के साहित्य आणि ३० टक्के सेवा धरतात, सेवेला १८ टक्के, म्हणजे एकूण ८.९ टक्के बसतात. आधी १३.८ बसायचे. जुन्याच आकड्यावर कोटेशन दिलं असेल तर दोन लाखांच्या कामात दहा हजारांच्या जवळपास फरक पडतो.

आणि डीसीआर, म्हणजे देशी मालाची अट. अनुदानासाठी पॅनेलच नव्हे, त्यातले सेलही भारतात बनलेले लागतात. आमच्याकडे टेम्पो आला तेव्हा मी वर चढलो आणि प्रत्येक पॅनेलच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा लांबलचक क्रमांक जुन्या बिलाच्या कोऱ्या बाजूवर उतरवून घेतला. सहा पॅनेल, ५४० वॉटची. डीसीआर प्रमाणपत्रावरच्या यादीशी ताडून बघितलं तर चार जुळली, दोन नव्हती. दिसायला सहाही सारखीच, काळी काच, तीच चौकट. ती दोन परत पाठवली, आठ दिवस थांबलो. गच्चीवर चढवून आवळल्यावर लक्षात आलं असतं तर अनुदान अडकलं असतं.

सोलापुरी_भाकरी

वरच्या उत्तरात भर. कुणाचा वापर महिन्याला १०० युनिटच्या आत असेल तर राज्य सरकारची स्मार्ट योजना आहे, २०२५ मध्येच मंजूर झाली. १ किलोवॉटला केंद्राचे ३०,००० मिळतातच, वर राज्य दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकाला १५,००० आणि बाकीच्यांना १०,००० देतं. ५०,००० ची यंत्रणा धरली तर दारिद्र्यरेषेखालच्या घराला पदरचे अडीच हजार पडतात. तुमच्या बाबांना लागू नाही, पण गावात शेजारीपाजारी कुणी असेल तर जरूर सांगा. पुष्कळांना माहीतच नाही.

कोयनाकाठ

मनापासून आभार. नावाचं काम सोमवारीच सुरू करते, आत्या आणि काकांना फोन केलेत. पण माझा मूळ प्रश्न अजून सुटला नाही. बॅटरी घेतली नाही आणि दुपारी लाइट गेली, तर पॅनेलवर मशिन चालेल ना? ऊन तर असेलच.

मिरज_पूर्व

नाही चालणार ताई, आणि हे फार कमी विक्रेते आधी सांगतात. बॅटरीशिवायची जी साधी ऑनग्रिड यंत्रणा असते, तिचा इन्व्हर्टर लाइट गेली की क्षणात बंद होतो. कडक ऊन असलं तरी. कारण तुमच्या पॅनेलची वीज बाहेरच्या तारेत जात राहिली आणि बंद लाइन समजून वायरमन खांबावर चढला, तर त्याच्या जिवावर बेतेल. तो बंद पडलाच पाहिजे, तसाच बनवलेला असतो.

म्हणून मशिनची सोय सोलारपासून वेगळी काढा. आम्ही काय केलं ते सांगतो. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साडेतीनशे वॉटच्या आसपास ओढतो. त्याच्यासाठी साधा घरगुती इन्व्हर्टर घेतला, मात्र प्युअर साइनवेव्हच, म्हणजे लाइटसारखीच सलग लहर देणारा; चौकोनी लहरीवर मशिनचा कॉम्प्रेसर घरघरतो आणि तापतो. दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, प्रत्येकी १५० एएच (अँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचं माप). कागदावर साडेतीन युनिट साठतात, पण पूर्ण रिकाम्या करायच्या नसतात आणि मधे थोडी वीज वायाही जाते, त्यामुळे हाताशी दोन युनिट धरा. म्हणजे पाच तास मशिन आणि वर एक छोटा दिवा. या इन्व्हर्टरवर फक्त बाबांच्या खोलीतलं ते एक सॉकेट आणि तो दिवा घ्या. फ्रिज, टीव्ही काही नको. आम्ही सॉकेटवर लाल चिकटपट्टी लावली होती, कुणी चुकून मिक्सर लावू नये म्हणून. महिन्यातून एकदा दुपारी मेन स्विच पाडून मशिन प्रत्यक्ष किती वेळ चालतं ते बघत होतो आणि बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर किती आहे तेही.

तरीही घरात एक भरलेला सिलिंडर ठेवाच. बी टाइपमध्ये दीड हजार लिटर असतो, मिनिटाला दोन लिटरने बारा तास जातो. प्रवाह किती ठेवायचा ते मात्र डॉक्टरांनाच विचारून आईंना लिहून द्या, मोठ्या अक्षरात, सिलिंडरच्या शेजारीच. अंधारात घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. इन्व्हर्टर, बॅटऱ्या आणि सिलिंडर धरून हे तुमच्या लिथियम बॅटरीच्या कोटेशनपेक्षा पुष्कळ स्वस्तात होतं. आणि पॅनेल बसायची वाट बघायची गरज नाही, या आठवड्यात करता येईल. सोलार दोन महिन्यांनी झालं तरी चालेल, हे आधी करा.

मेलबर्नहून

मूळची साताऱ्याची, आता मेलबर्नला. इथे बॅटरीवर सरकारी सवलत आहे, १ जुलै २०२५ पासून केंद्र सरकारने सुरू केली, किमतीत साधारण ३० टक्के सूट विक्रेताच बिलातून कापून देतो. आम्ही घेतली. पण इथलं बघून तिकडे बॅटरी घेऊ नका. इथे दिवसा जास्तीची वीज बाहेर दिली तर आमच्या राज्यात मोबदला जवळजवळ शून्य झालाय आणि संध्याकाळी तीच वीज महाग घ्यावी लागते, म्हणून घरात साठवणं परवडतं. महाराष्ट्रात नेट मीटरमुळे दुपारी दिलेलं युनिट हिशोबात जमा होतं. बिल वाचवायला तिकडे बॅटरीचा उपयोग नाही, लाइट गेल्यावरच आहे. माझे सासरे साताऱ्यात असतात, त्यांनाही मी हेच सांगितलं.

कोयनाकाठ

आता समजलं. बिल आणि बाबांचं मशिन हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि मी एकाच खर्चात दोन्ही बसवायला बघत होते. इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या आजच कराडच्या दुकानात सांगितल्या, शनिवारी बसवतायत. मी स्वतः जाते. त्या विक्रेत्याला ५ नको, ३ चं कोटेशन द्या म्हटलं, डीसीआर प्रमाणपत्र आणि टप्प्यांचं लिहून मागितलं. तो अजून काही बोलला नाही. दुसऱ्या दोघांना पोर्टलवरच्या यादीतून फोन केलाय.

आईच्या कुरडयांचं कुणी सांगितलं नाही.

मिरज_पूर्व

राहूनच गेलं ते. ३ किलोवॉटला तीनशे चौरस फूट लागतात. गच्ची किती आहे? सातशे असेल तर निम्म्याहून जास्त मोकळी राहते. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून उत्तरेच्या कठड्याजवळ लावायला सांगा, म्हणजे त्यांची सावली वाळवणावर पडत नाही आणि पुढची अर्धी गच्ची आईंना मोकळी. काहीजण आठ फुटांचा उंच सांगाडा करून खालची जागा वापरतात, पण त्याखाली ऊन नसतं, कुरडया वाळायच्या नाहीत, आणि वाऱ्याला तो जास्त झेलतो. बुटका सांगाडाच बरा. पाण्याची टाकी पश्चिमेला असेल तर दुपारी तीननंतर तिची सावली कुठपर्यंत येते ते आत्ताच खडूने आखून ठेवा. डिसेंबरात सावली सगळ्यात लांब असते. पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात, एकावर सावली पडली तरी सगळ्यांची वीज घटते.

तुमचा भाग उसाचा. आत्ता तोडीचा हंगाम आहे, पाचट पेटवतात, जवळ गुऱ्हाळ असेल तर काजळी आणखी. आमच्याकडे जानेवारीत रोजची बारा युनिट नऊवर आली होती. बोट फिरवलं तर बोट काळं. पहाटे पॅनेल थंड असताना मऊ फडक्याने आणि साध्या पाण्याने पुसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पांढरे डाग राहतात, पावसाचं साठवलेलं वापरा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी कधीच टाकू नका. आणि हे काम आईंना किंवा बाबांना करायला लागू नये, गावातल्या एखाद्या पोराला महिन्याचे दोनशे ठरवून द्या.