मधल्या गाडीनं काय पाप केलं? (इंदूर बायपासवरची तीन गाड्यांची धडक आणि क्लेम)

राऊवाला
सुदामानगरकरांनी परवा लिहिलं की एकामागोमाग गाड्या धडकल्या की "मधल्यानं अंतर ठेवलेलं नसतं म्हणूनच तो पुढच्यावर आदळतो, त्यानं मुकाट्यानं आपल्या पॉलिसीवर क्लेम घ्यावा, विमा कंपनीच्या नावानं शंख करू नये." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मांगलियाजवळ रांग थांबली होती, मीही थांबलो होतो. मागून एसयूव्ही आली आणि तिनं मला पुढच्या सेडानवर ढकललं. माझ्या डिकीच्या दारावर त्या एसयूव्हीच्या नंबरप्लेटच्या दोन बोल्टचे खळगे उमटलेत, अंगठा टेकेल एवढे. नुकसान तपासणारा विमा कंपनीचा सर्व्हेअर वर्कशॉपमध्ये आला, पुढच्या बंपरवर नख घासलं आणि म्हणाला, "आगे का अलग, पीछे का अलग. दो क्लेम बनेंगे." म्हणजे सक्तीची कपात (प्रत्येक क्लेममधली आपल्या खिशातून भरायची ठरावीक रक्कम) दोनदा आणि माझ्या नावावर दोन क्लेमची नोंद. क्षणात संपलेली एक धडक, कागदावर तिचे दोन अपघात!

आणि एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट (नो क्लेम बोनस)? 50 टक्क्यांवरून शून्य. पुन्हा 20, 25, 35, 45 करत चढायचं. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, मूळ हप्ता 12,000 धरा आणि दरवर्षीची गेलेली सूट जोडा: 50, 30, 25, 15, 5 टक्के. सवा हप्ता झाला, म्हणजे 15,000. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) दरवर्षी उतरते म्हणून थोडे कमी धरा. पण हे पैसे मी का भरायचे? धडक मी दिलेली नाही.

सुदामानगरकर
"मी थांबलो होतो" हे प्रत्येक मधला सांगतो. बायपासवर लोक पुढच्या गाडीच्या डिकीला चिकटून चालवतात, रोज बघतो.

एनसीबी हे क्लेम न घेतल्याबद्दल मिळतं, चूक कुणाची हे त्यात बघतच नाहीत. पॉलिसी घेताना हे मान्य केलंत, आता रडू नका. थर्ड पार्टीचा मार्ग हवा, म्हणजे ठोकणाऱ्याच्या विम्यातून भरपाई? मग पोलीस थाण्यात रिपोर्ट, वकील, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज, तोही सहा महिन्यांच्या आत, 1 एप्रिल 2022 पासून ती मुदत कायद्यात आली आहे. नंतर तारखा. माझा मेहुणा त्या नादाला लागला. गाडी वर्कशॉपमध्ये धूळ खात पडली, वर पार्किंगचे पैसे मागितले. शेवटी आपल्याच पॉलिसीवर आला. आणि ठोकणाऱ्याच्या विमा कंपनीविरुद्ध विमा लोकपालाकडेही (विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जाता येत नाही, तिथे फक्त आपल्या पॉलिसीची तक्रार चालते.

स्नेहलतागंजचा_जुना_सर्व्हेअर
दोघेही पुराव्याचं काहीच बोलत नाही आहात. या कामात माझी हयात गेली, म्हणून सांगतो.

पहिला प्रश्न पुढच्या ड्रायव्हरला विचारायचा: झटके किती बसले? एकच बसला तर मधली गाडी ढकलली गेली. दोन बसले तर मधल्यानं आधी स्वतः ठोकलं आणि मग मागच्यानं त्याला. दुसरं, डेंटची उंची. जोरात ब्रेक मारलेली गाडी नाकावर झुकते, तिचं बोनेट पुढच्याच्या बंपरखाली शिरतं. उभी असताना ढकललेली गाडी बंपरला बंपर लागते. फोटो गाड्या हलवण्याआधीचे असतील तर हे सगळं दिसतं. नख घासून काही कळत नाही.

एकाच घटनेत पुढचं-मागचं नुकसान असेल तर क्लेम एक, सक्तीची कपात एक. 1500 सीसीपर्यंतच्या इंजिनाला 1,000 रुपये, त्यावर 2,000. राऊवाले, सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे.

रामबागची_मावशी
ऑनलाइन पॉलिसी घेतली असणार, दुसरं काय! आमचे एजंट काका वीस वर्षांपासून घरी येतात. आमच्या ह्यांच्या गाडीला पलासियाला ठोकलं, तर काका सर्व्हेअरच्या आधी वर्कशॉपमध्ये हजर. फॉर्म त्यांनीच भरला. तुमच्या ॲपवर कोण येणार आहे हो?

विजयनगर_404
मावशी, तुमचे काका देवमाणूस असतील. आमच्या एजंटनं हप्ता कमी दिसावा म्हणून झिरो डेप (घसारा न कापण्याचं ॲड-ऑन) काढून टाकलं आणि सांगितलंही नाही. बंपर, हेडलाइटचं खोकं, ग्रिल, सगळं प्लॅस्टिक, त्यावर 50 टक्के घसारा. पाच वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्यावर 40. बिल हातात आलं तेव्हा कळलं "फुल इन्शुरन्स" म्हणजे काय. वर आदल्या वर्षी क्लेम घेतला असूनही त्यानं फॉर्मवर एनसीबी टाकला होता. कंपनीनं नेमकं तेच धरलं आणि क्लेम अडकवला. सही आमची, कारभार त्याचा.

रामबागची_मावशी
सही करताना वाचायला काय झालं होतं? एका चोरामुळे सगळ्यांना चोर म्हणायचं? आमच्या काकांनी कोविडमध्ये अर्ध्या गल्लीचे मेडिक्लेम मार्गी लावले, एक पैसा न घेता. तुम्हां पोरांना माणूस नकोच, बटण हवं.

विजयनगर_404
कमिशन हप्त्यातूनच जातं, फुकट कुणी काही करत नाही. माझ्या वडिलांनी त्या माणसावर विश्वास ठेवून सही केली होती, त्यांना दोष देऊ नका.

रामबागची_मावशी
वडिलांचा विषय मी काढला नव्हता. ते जाऊ दे. त्या एजंटची तक्रार केलीत का? नसेल तर करा, असल्यांमुळे चांगली माणसं बदनाम होतात.

स्नेहलतागंजचा_जुना_सर्व्हेअर
एजंटचं भांडण वेगळीकडे करा हो. राऊवाल्यांचा क्लेम अजून लटकलेला आहे.

सुदामानगरकर
जुन्या सर्व्हेअरांचं झटक्याचं म्हणणं पटलं, एवढंच. पुढचा ड्रायव्हर एक झटका म्हणत असेल तर दोन क्लेम करणं चूक, हे मानतो. पण एनसीबीवर माझं मत बदललेलं नाही. ते वाचवायचं तर एनसीबी प्रोटेक्शनचं ॲड-ऑन मिळतं, घ्यायचं होतं.

राऊवाला
म्हणजे दुसऱ्याच्या चुकीपासून वाचायला हप्त्यावर आणखी पैसे मीच भरायचे. हे तुम्हाला न्याय्य वाटतं, मला कधीच वाटणार नाही. मागच्याच्या पॉलिसीत माझ्या गाडीच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंत तरतूद आहे, त्याचा हप्ता तो भरतो, आणि तरी माझं बिल माझ्याच कंपनीकडे जातं, कारण न्यायाधिकरणाची पायरी चढायला कुणाला वेळ नाही. कंपन्यांना हे चांगलं माहीत आहे.

सेडानवाले देवासचे आहेत. त्यांच्याशी बोललो, एकच झटका बसला म्हणाले, लिहून द्यायला तयार आहेत. त्यांचं पत्र आणि गाड्या हलवण्याआधीचे फोटो कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करतोय, सर्व्हे रिपोर्टची प्रतही मागतोय. महिन्यात उत्तर आलं नाही तर भोपाळच्या विमा लोकपालांकडे अर्ज. तिथे फी नाही, वकील लागत नाही. दोन क्लेमचा एक करूनच घेणार.

सुदामानगरकर
लोकपालांच्या अर्जात एनसीबीचं रडगाणं घालू नका, मूळ मुद्दा पातळ होईल. दोन क्लेमचंच लिहा.

राऊवाला
ते पटलं. एनसीबीसाठी तुमच्याशी इथेच भांडेन.