नवीन शिकणाऱ्याने थेट फ्रेमवर्क उचलावं का? माझं मत: नको, आधी थोडं थांबा

अर्धविराम:

मी रोज वेब डेव्हलपमेंटचंच काम करतो आणि संध्याकाळी दोन-तीन नवीन शिकणाऱ्यांना जमेल तशी मदत करतो. परवा त्यातल्या एकीने स्क्रीन शेअर केली. रिॲक्टमध्ये (जावास्क्रिप्टचं एक फ्रेमवर्क, म्हणजे ॲप बनवायचा तयार सांगाडा) कामांची यादी बनवत होती, तेच नेहमीचं पहिलं ॲप. काम टाइप करून बटण दाबलं तर स्क्रीनवर काही हलेना, पण कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या तपासणीच्या खिडकीत) छापून बघितलं तर ॲरेत (कोडमधल्या यादीत) नवीन काम व्यवस्थित आलेलं. दीड तास त्यावर अडकलेली, दोनदा अख्खं प्रोजेक्ट डिलीट करून परत इन्स्टॉल केलेलं, शेवटी म्हणाली की दादा मला हे जमणारच नाही बहुतेक.

चूक एका ओळीची होती. जुन्याच ॲरेत पुश करून (शेवटी भर घालून) तोच ॲरे परत स्टेटमध्ये (रिॲक्ट ज्यावरून स्क्रीन काढतं त्या डेटात) टाकला होता. रिॲक्ट ॲरेच्या आत डोकावून बघत नाही, आधीचा आणि आत्ताचा ॲरे एकच आहे का एवढंच तपासतं, आणि एकच असेल तर त्याच्या लेखी काही बदललेलंच नसतं. व्हेरिएबलमध्ये ॲरे नसतो, त्याचा पत्ता असतो, ही जावास्क्रिप्टची गोष्ट तिला कुणी सांगितलीच नव्हती. आणि ती शोधत काय होती तर "रिॲक्ट अपडेट होत नाही". जिथे दुखतंय तिथे औषधच नाही लावलं जात, हे मी सारखं बघतोय.

दुसरं म्हणजे फ्रेमवर्क टिकत नाहीत. अँग्युलर जेएस २०१० चं, २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं ते जवळपास वेगळंच फ्रेमवर्क होतं, आणि २०२१ संपताना जुन्याचा सपोर्ट बंद. रिॲक्ट २०१३ मध्ये खुलं झालं, लोक क्लास (स्क्रीनचे तुकडे लिहायची जुनी पद्धत) लिहायला शिकले, २०१९ मध्ये हुक्स (तेच साध्या फंक्शनमध्ये करायची पद्धत) आले आणि लिहायची पद्धतच बदलली. क्रिएट रिॲक्ट ॲप, नवं प्रोजेक्ट उभं करून देणारं साधन, ज्याने असंख्य ट्युटोरियल सुरू व्हायची, ते २०२५ च्या फेब्रुवारीत अधिकृतपणे निवृत्त केलं. याउलट गेट आणि पोस्ट (सर्व्हरकडून पान मागणं आणि त्याला माहिती पाठवणं) मधला फरक, ४०४ म्हणजे काय, कुकी कशी जाते-येते, हे एकदा शिकलं की आयुष्यभर पुरतं. म्हणून माझं म्हणणं की काही आठवडे तरी नुसतं एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट करा आणि मगच फ्रेमवर्कला हात घाला.

पायवाट:

सपशेल असहमत, आणि हे मी त्याच वाटेने गेलेला माणूस म्हणून सांगतोय. मी वर्षभर साधं पीएचपी केलं, कुठलंही फ्रेमवर्क नाही, कारण मलाही सगळे हेच सांगायचे की आधी पाया. लॉगिन स्वतः लिहिलं. पासवर्ड एमडीफाइव्ह (सहज फोडता येणारी जुनी पद्धत) करून ठेवले आणि मला वाटलं झालं सुरक्षित. एसक्यूएल क्वेरीत (डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात) युजरने टाइप केलेलं नाव सरळ जोडायचो. एके दिवशी कुणीतरी नावात ॲपॉस्ट्रॉफी टाकला आणि फॉर्म कोसळला, तेव्हा मला कळलं की जे एका साध्या चिन्हाने मोडतं ते कुणी मुद्दाम ठरवलं तर अख्खा डेटाबेस उघडा करू शकतं. तोवर ती साइट खऱ्या लोकांच्या हातात होती. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

त्यानंतर जँगो (पायथनमधलं फ्रेमवर्क) घेतलं. फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकन (दुसऱ्या साइटने युजरच्या नावाने फॉर्म पाठवायचा हल्ला अडवणारी खूण) विसरलो तर सरळ ४०३, म्हणजे परवानगी नाही, पुढे जाऊच देईना. चिडलो, मग वाचलं की हे टोकन असतं कशाला, आणि हा हल्ला काय असतो ते त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. पासवर्डचं हॅशिंग (परत उलगडता येणार नाही असं रूप देणं) आधीच नीट केलेलं, ओआरएम (कोडमधून डेटाबेसशी बोलणारा भाग) क्वेरीत व्हॅल्यू वेगळ्या पाठवतं. चांगलं फ्रेमवर्क म्हणजे अनुभवी माणसांनी खाल्लेल्या ठेचा एका जागी जमवून ठेवलेल्या असतात, नवीन माणसाला त्या सगळ्या परत खायला लावण्यात काय अर्थ आहे? जँगो तर वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मलं, अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्डमध्ये, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. बातमी आली की त्याच दिवशी साइटवर पाहिजे अशा घाईतून त्याचं ॲडमिन (डेटा सांभाळायचं तयार पान) आलंय, मॉडेलच्या (डेटा कसा असेल ते सांगणाऱ्या) पाच ओळी लिहा की डेटा भरायची स्क्रीन तयार. नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात काहीतरी चालतंय हे दिसणं फार गरजेचं असतं हो, नाहीतर ते तुमचं जावास्क्रिप्ट पूर्ण होण्याआधीच तो सोडून देतो.

आणि तुमच्या उदाहरणाबद्दल. तोच पुश व्ह्यू या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये केला असता तर यादी बरोबर अपडेट झाली असती, कारण व्ह्यू ॲरेवर लक्ष ठेवून असतं. साध्या जावास्क्रिप्टमध्ये तर ही अडचण आलीच नसती. मग ही जावास्क्रिप्टची अडचण कशी? हा रिॲक्टचा नियम आहे आणि तो रिॲक्ट शिकतानाच शिकायचा असतो.

कोरी पाटी:

पायवाट यांच्याशी सहमत, थोडं वेगळ्या कारणाने. नोकरीच्या जाहिरातीत रिॲक्ट लिहिलेलं असतं, "एचटीटीपी (ब्राउझर आणि सर्व्हर यांचं बोलणं) समजतं" असं कुणी लिहीत नाही. घरी पैसे द्यायचे असतात त्या माणसाला पाया पक्का करत बसायला वेळ नसतो.

अर्धविराम:

पायवाट, व्ह्यूचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा मी मागे घेतो, माझं उदाहरण मी मांडलं तितकं सरळ नव्हतं. पण मला सांगा, एकात पुश चालतो आणि दुसऱ्यात नाही हे का, हे समजायला काय लागतं? पत्ता आणि वस्तू यातला फरकच लागतो ना.

दुसरं उदाहरण देतो ज्यात फ्रेमवर्कचा संबंधच नाही. फेचने (जावास्क्रिप्टमधून सर्व्हरकडे मागणी करायची सोय) डेटा मागवला, सर्व्हरने ४०४ (सापडलं नाही) दिला, आणि शिकणाऱ्याने कॅचमध्ये (चूक झाली तर चालणारा भाग) एरर दाखवायचा कोड लिहिलाय तो चालतच नाही. कारण फेचच्या दृष्टीने उत्तर आलं म्हणजे काम झालं, ते उत्तर ४०४ असो की ५०० (सर्व्हरच गडबडला), नेटवर्कच तुटलं तरच तो कॅचमध्ये जातो, बाकी वेळी रिस्पॉन्सचं ओके आपण स्वतः तपासायचं. आता ही गोष्ट माहीत नसलेला माणूस रिॲक्टमध्ये यूज-इफेक्टच्या (स्क्रीन काढून झाल्यावर कोड चालवणाऱ्या हुकच्या) आत हे लिहितो, स्क्रीन पांढरी होते, आणि तो डिपेंडन्सीच्या (तो कोड परत कधी चालवायचा ते सांगणाऱ्या) कंसात काय घालू नि काय काढू करत बसतो. एका वेळी दोन अनोळखी गोष्टी आल्या की कुठली मोडली तेच कळत नाही, माझा सगळा आक्षेप एवढाच आहे.

कोरी पाटी, मी वर्षभर थांबा म्हणत नाहीये. जावास्क्रिप्टमधलं मॅप, फिल्टर, प्रॉमिस, एक इव्हेंट, एक फॉर्म. रोज दोन तास दिले तर महिन्या-दीड महिन्याचं काम आहे. आणि इंटरव्ह्यूत तेच विचारतात, निदान मी घेतो तेव्हा तरी.

पहिलीच ओळ:

मी प्रत्यक्ष शिकतेय म्हणून लिहिते, तुम्ही सगळे अनुभवी आहात, काही चुकलं तर सांगा. मी व्हिडिओ बघून नेक्स्टमध्ये (रिॲक्टवर उभं असलेलं फ्रेमवर्क) ब्लॉग बनवला, चार दिवसात झाला, खूप आनंद झाला, घरच्यांना पण दाखवला. मग वाटलं डार्क मोडची निवड ब्राउझरमध्ये साठवून ठेवू, तर एरर आला की विंडो (ब्राउझरची खिडकी, कोडमधल्या रूपात) डिफाइन केलेलंच नाही. विंडो कसं नसेल, ब्राउझरमध्येच तर बघतेय ना मी! कुणीतरी सांगितलं फाइलच्या वर यूज क्लायंट (हा कोड ब्राउझरसाठीचा आहे असं सांगणारी ओळ) लिही, ते लिहिलं तरी तोच एरर, मग मला वाटलं माझ्याच कॉम्प्युटरमध्ये काही बिघडलंय. अजून ते तसंच पडलंय. ब्लॉग माझा आहे पण त्यातलं मला काही बदलता येत नाही, असं झालंय. मग मी आता परत मागे जाऊ का पुढेच शिकत राहू?

खिडकीपाशी:

पहिलीच ओळ, कॉम्प्युटर बरा आहे तुमचा. तो एरर ब्राउझरमधून येत नाहीये, सर्व्हरवरून येतोय. यूज क्लायंट लिहिलं तरी नेक्स्ट तो कंपोनंट (स्क्रीनचा तुकडा) पहिल्या वेळी सर्व्हरवरच चालवून एचटीएमएल बनवतं, आणि सर्व्हरवर विंडो नसतोच. विंडोला हात लावणारा कोड यूज-इफेक्टच्या आत हलवा, तो फक्त ब्राउझरमध्ये चालतो. आज रात्रीच करून बघा.

पण तुम्हाला खरा प्रश्न पडलाय तो "माझा कोड नक्की चालतो कुठे" हा, आणि वेबमध्ये याहून मोठा प्रश्न नाही. इथे मला वरच्या दोघांचंही पूर्ण पटत नाही. आधी फ्रेमवर्क की आधी भाषा यापेक्षा कुठलं फ्रेमवर्क आधी, हे जास्त महत्त्वाचं आहे. नेक्स्ट पहिलं नको, कारण सर्व्हर आणि ब्राउझर यांच्यामधली भिंत त्यात मुद्दाम पुसट केलेली आहे, जाणत्याला ती सोय आहे, नवीन माणसाला चकवा. फ्लास्कसारखं (पायथनमधलं छोटं फ्रेमवर्क) काहीतरी घ्या. एक पत्ता, एक फंक्शन, फंक्शनने जे परत दिलं ते ब्राउझरला मिळालं. एक फॉर्म बनवा, ब्राउझरची नेटवर्क टॅब उघडी ठेवा आणि सबमिट दाबा. पोस्ट गेलेला दिसेल, सर्व्हरने ३०२ देऊन दुसरीकडे पाठवलेलं दिसेल, मग गेट दिसेल. त्यानंतर तो रीडायरेक्ट काढून टाका, परत सबमिट करा आणि पान रिफ्रेश करा. ब्राउझर विचारेल फॉर्म परत पाठवू का, हो म्हणा, आणि तीच नोंद दोनदा आलेली बघा. अर्ध्या तासात जे कळेल ते कुठल्या व्हिडिओत मिळणार नाही.

रात्रपाळी:

आता एआय सगळा कोड लिहून देतं, मग हा क्रम एवढा महत्त्वाचा राहिलाय का? मी तर गेले दोन महिने तसंच शिकतोय आणि ॲप चालतंय.

पायवाट:

रात्रपाळी, मी फ्रेमवर्कच्या बाजूचा आहे तरी इथे थांबवतो तुम्हाला. माझ्याकडे एक नवीन मुलगा असाच कोड घेऊन आला होता. एका फाइलमध्ये क्लास कंपोनंट, दुसरीत हुक्स, आणि नेक्स्टचे जुने-नवे दोन्ही राउटर (कुठल्या पत्त्यावर कुठलं पान ते ठरवणारे) एकाच प्रोजेक्टमध्ये. चालत होतं. पण कुठलं जुनं कुठलं नवं हे त्याला सांगता येईना, त्यामुळे पुढे काय विचारायचं तेही कळेना. एआय वापरा, पण प्रत्येक ओळ का आहे हे विचारून घ्या आणि मग एकदा ती ओळ काढून बघा.

खिडकीपाशी, फ्लास्क चांगलंय पण लॉगिन, ॲडमिन, मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलायची सोय) सगळं बाहेरून आणायचं, म्हणजे नवीन माणसाने परत दहा निर्णय घ्यायचे. फॉर्मचा प्रयोग एक दिवस फ्लास्कमध्ये करा हवं तर, प्रोजेक्ट जँगोमध्ये करा.

पहिलीच ओळ:

परत आले. विंडोचा एरर गेला!! खिडकीपाशी, खूप खूप आभार.

फॉर्मचा प्रयोग पण केला, नोंद खरंच दोनदा आली. आणि अर्धविराम यांचं ऐकून कामांची यादी कुठल्याही फ्रेमवर्कशिवाय लिहून बघितली, तीन संध्याकाळी लागल्या. काम वाढलं की यादीत टाकायचं, वर "इतकी कामं बाकी" तो आकडा बदलायचा, आणि "एकही काम नाही" ही ओळ लपवायची, तीन ठिकाणी हात लावायला लागतो आणि मी दर वेळी एक विसरतेच. मग कळलं की रिॲक्टमध्ये मी हे काहीच करत नव्हते, नुसता डेटा बदलत होते आणि स्क्रीन ते बघून घेत होतं. हे तेव्हा लक्षातच आलं नव्हतं.

अर्धविराम:

अगदी हेच. हे वाचून फार बरं वाटलं.

पायवाट:

बरं मलाही वाटलं, पण अर्धविराम, एक लक्षात घ्या. तिने आधी रिॲक्ट वापरलं होतं म्हणून तिला साध्या कोडमध्ये काय कमी आहे ते दिसलं. आधी फक्त साधंच केलं असतं तर तीन ठिकाणी हात लावणं म्हणजे असंच असतं असं समजून ती पुढे गेली असती, मी वर्षभर तसाच गेलो होतो. म्हणजे तिचा क्रम तुम्ही सांगितलेल्या क्रमाच्या उलटा आहे.

अर्धविराम:

हो, उलटा आहे. मी ज्यांना शिकवतो त्यातल्या एकासोबत असं करून बघणार आहे, आठवडाभर फ्रेमवर्क, मग तेच ॲप त्याच्याशिवाय. "आधी" या शब्दावर मी जास्त अडून बसलो होतो. दोन्ही एकदा तरी करायलाच हवं यावर मात्र अजून ठाम आहे.

पहिलीच ओळ:

एक अडचण राहिलीय. साध्या यादीत मी डिलीट बटणावर त्या कामाचा नंबर ठेवते, ० पासून. पहिलं काम डिलीट केलं की बरोबर जातं, पण त्यानंतर दुसरं डिलीट करायला गेले तर भलतंच जातं. का?

खिडकीपाशी:

कारण पहिलं गेल्यावर ॲरेमधले सगळे एक घर पुढे सरकले, पण बटणांवरचे नंबर जुनेच राहिले. नंबर ठेवू नका, काम बनवतानाच त्याला स्वतःचा आयडी द्या आणि डिलीट करताना तो आयडी शोधा. रिॲक्ट यादीतल्या प्रत्येक गोष्टीसाठी "की" (key, म्हणजे ओळखीची खूण) मागतं ना, ते याचसाठी. हीच यादी रिॲक्टमध्ये लिहा, "की" म्हणून मुद्दाम इंडेक्स (जागेचा नंबर) द्या, प्रत्येक कामासमोर एक टाइप करायची चौकट ठेवा, पहिल्या दोनमध्ये वेगवेगळं काहीतरी लिहा आणि पहिलं काम डिलीट करा. मग काय दिसतं ते इथे येऊन सांगा.