वडिलांचे चावीचे घड्याळ रोज दहा मिनिटे पुढे जाते. आतले मशीन बदलून घ्यावे का?

कृष्णाकाठ (सातारा) यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वडील एस. टी. महामंडळात वाहक होते आणि त्यांची बहुतेक नोकरी डोंगराकडच्या मुक्कामी गाड्यांवर झाली. संध्याकाळी गावात पोहोचायचे, रात्री गाडीतच अंग टाकायचे आणि पहाटे शाळकरी मुले, दूधवाले आणि बाजाराला निघालेली माणसे घेऊन परत फिरायचे, असा तो क्रम असे. त्यामुळे पहाटेची वेळ चुकली तर साऱ्या गावाचा दिवस बिघडे. त्या सगळ्या वर्षांत त्यांच्या मनगटावर एचएमटीचे ‘जनता’ हे चावीचे घड्याळ होते. गेल्या वर्षी ते गेले. त्यांची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा पितळी बिल्ल्याशेजारी रुमालात गुंडाळलेले ते घड्याळ मिळाले. काचेवर बारीक चरे होते, मागचे झाकण घामाने काळवंडले होते, पट्टा कडक झाला होता. पण चावीचे पंधरा-वीस वळसे दिले आणि सेकंद काटा चालू लागला. मी ते कानाशी धरून बराच वेळ तशीच बसून राहिले.

तेव्हापासून मी ते रोज वापरते. मी बँकेत हिशेबाचे काम करते आणि दिवसभर संगणकासमोर असते. पूर्वी वेळ पाहण्यासाठी फोन हातात घेतला की समोर चार निरोप दिसत, त्यातल्या एकाला उत्तर देताना दहा मिनिटे जात आणि फोन खाली ठेवला तरी किती वाजले हे लक्षात राहिलेले नसे. आता मनगटाकडे पाहिले की वेळ कळते आणि हातातले काम पुढे चालू राहते. फोन रात्री बाहेरच्या खोलीत असतो. पहाटे तीनला जाग आली तर उशाशी ठेवलेले घड्याळ पाहते आणि कूस बदलते. झोप पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी झाली आहे.

अडचण अशी आहे की गेल्या तीन आठवड्यांपासून घड्याळ रोज आठ-दहा मिनिटे पुढे जाऊ लागले आहे. आमच्याकडील एका दुकानात दाखवले, तेव्हा आतले मशीन संपले आहे, ते काढून सेलवरचे बसवून देतो, असे सांगण्यात आले. तबकडी आणि काटे तेच राहणार असले तरी मन तयार होत नाही. हे खरोखरच दुरुस्त होण्यापलीकडे गेले असेल का? आणि चावी नेमकी किती द्यावी? जास्त दिली की स्प्रिंग तुटते, असे लहानपणापासून ऐकले आहे.

भिंग (सोलापूर)

ताई, कृपा करून मशीन बदलू नका. मी व्यवसायाने घड्याळजी नाही, पण आमच्या गल्लीतील एका वृद्ध कारागिराच्या टेबलाशेजारी बसून वीस वर्षे हे काम पाहत आणि थोडेफार करत आलो आहे. जुने घड्याळ थकले की सहसा मागे पडते, कारण तेल सुकते, कचरा साचतो आणि चाकांची ओढ कमी होते. चांगले चालणारे घड्याळ एकाएकी दिवसाला दहा मिनिटे पुढे पळू लागले, तर पहिला संशय चुंबकत्वावर घ्यावा.

‘जनता’च्या आत १७ खड्यांचे (चाकांचे कणे ज्यांत फिरतात त्या कठीण खड्यांचे) मशीन असते आणि ते तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला ५. हे ठोके ठरतात ते बॅलन्स व्हील नावाच्या छोट्या चाकाच्या हेलकाव्यांवर आणि त्याला जोडलेल्या केसासारख्या बारीक, गोल गुंडाळलेल्या स्प्रिंगवर. ही स्प्रिंग श्वास घेतल्यासारखी सतत पसरते आणि मिटते. तिला चुंबकत्व लागले की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि जेवढी स्प्रिंग प्रत्यक्ष काम करते तिची लांबी कमी होते. आखूड दोरीचा झोका लांब दोरीच्या झोक्यापेक्षा भरभर हलतो, तसेच येथे होते. घड्याळ आपटले किंवा स्प्रिंगवर तेल उडाले तरी वेढे असेच चिकटू शकतात. पण आपटल्याचे तुम्ही लिहिलेले नाही.

घरातल्या मुलांच्या कंपासपेटीत किंवा प्रयोगाच्या साहित्यात लहान होकायंत्र असेल तर चालू घड्याळ त्याच्याजवळ हळूहळू फिरवून पाहा. सुई जोरात ओढली गेली किंवा घड्याळाच्या ठोक्यांबरोबर थरथरू लागली तर शंका जवळजवळ खरी समजा. चुंबकत्व घालवण्याचे छोटे विजेचे यंत्र चांगल्या घड्याळजीकडे असते आणि त्या कामाला मिनिटही लागत नाही. मला एकच सांगा, तुम्ही रात्री घड्याळ नेमके कशावर ठेवता?

चावीबद्दल सांगायचे तर रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, घड्याळ मनगटावरून काढून चावी द्यावी. मनगटावर असताना दिली तर चावीच्या दांडीवर तिरका दाब येतो आणि ती झिजते. बोटांना स्पष्ट अटकाव जाणवला की थांबावे. वळसे मोजत बसण्याची गरज नाही. पूर्ण चावी दिल्याने स्प्रिंग तुटत नाही; अटकाव लागल्यावरही जोर लावला तर मात्र नुकसान होते. एकदा पूर्ण चावी दिली की हे घड्याळ साधारण दीड दिवस चालते, म्हणून चोवीस तासांनी पुन्हा चावी दिली की स्प्रिंगचा जोर कधी फार उतरत नाही आणि वेळही स्थिर राहते. एवढ्या जुन्या घड्याळात दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक मी तरी दोष मानत नाही.

कृष्णाकाठ

आपला प्रश्न वाचला आणि मी उठून उशाशी जाऊन पाहिले. महिन्याभरापूर्वी मुलाने मला भजने ऐकण्यासाठी हाताएवढा ब्लूटूथ स्पीकर आणून दिला आणि तेव्हापासून रोज रात्री मी घड्याळ त्याच्या डोक्यावर ठेवते.

भिंग (सोलापूर)

मग बहुधा तेच कारण. प्रत्येक स्पीकरच्या पोटात कायमचे चुंबक असते. पर्सचे चुंबकी बटण, फोनचे चुंबकी झाकण आणि फ्रिजचे दार यांपासूनही घड्याळ चार बोटे दूरच ठेवावे. चुंबकत्व घालवून झाल्यावर आठ दिवस वेळ लिहून ठेवा. नंतर घड्याळ मागे पडू लागले तर साफसफाई आणि तेलपाणी करून घ्या. त्या वेळी कारागिराला आवर्जून सांगा की तबकडी रंगवायची नाही. बाजारात नव्याने रंगवलेल्या तबकड्यांची जुनी घड्याळे खूप दिसतात आणि ती चकचकीतही असतात, पण तुमच्या वडिलांनी पाहिलेली तबकडी ती नसेल. काच मात्र प्लॅस्टिकची असते. सुती फडक्यावर थोडी टूथपेस्ट घेऊन हलक्या हाताने गोल गोल घासल्यास वरवरचे चरे जातात.

जालहळ्ळीचा शेजारी (बेंगळुरू)

मी मूळचा बेळगावचा, पण नोकरीमुळे तीस वर्षे येथे आहे. एचएमटीचा घड्याळांचा पहिला कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये याच शहरात उभा राहिला. पुढे श्रीनगर, तुमकूरु आणि उत्तराखंडातील राणीबाग येथेही कारखाने झाले. केंद्र सरकारने २०१६ मध्ये घड्याळांची कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली, त्या दिवशी आमच्या वसाहतीत अनेक घरांतील वडीलधारी माणसे गप्प होती. ज्या हातांनी ही बारीक चाके जुळवली, त्यांतील काहींना मी रोज फिरायला जाताना भेटतो. येथील जालहळ्ळीत एचएमटीचे वारसा संग्रहालय आहे. बेंगळुरूला येणे झाले तर अवश्य पाहा. आपल्या वडिलांचे घड्याळ अजून चालते हे त्या मंडळींना मी उद्या सांगणार आहे.

शुभ्रवेश (मिरज)

मी निवृत्त परिचारिका आहे. घड्याळाच्या दुरुस्तीवर वरील मंडळींनी नेमके लिहिलेच आहे, परंतु ताईंच्या पत्रातील एका वाक्यावर मला थांबावेसे वाटले. पहाटे तीनला जाग आल्यावर तुम्ही घड्याळ पाहता, ते पाहू नका. फोन खोलीबाहेर ठेवला हे फार चांगले केले, कारण रात्री डोळ्यांवर पडणारा प्रकाश शरीराला झोपेकडे नेणाऱ्या मेलाटोनिनला आवर घालतो आणि निरोप वाचले की मनही जागे होते. मात्र किती वाजले हे कळले की मन ताबडतोब हिशेब मांडू लागते, की आता अडीच तास उरले, आता झोप लागली नाही तर उद्या कामावर काय होणार. हा हिशेबच झोप उडवतो आणि तो चावीच्या घड्याळानेही होतोच. रात्रपाळीत जागे राहिलेले कितीतरी रुग्ण मी भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून पडलेले पाहिले आहेत. त्यांची खाट वळवून दिली की निदान तळमळ तरी कमी होई. घड्याळ खोलीबाहेर ठेवा. अंदाजे वीस मिनिटे झोप लागत नाही असे वाटले तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, आणि डोळे जड झाले की मगच अंथरुणाकडे परता. हा ‘अंदाज’ खरोखर अंदाजच असू द्या. चहातील कॅफिनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळचा चहा शक्य तितका अलीकडे आणा.

आता या घड्याळाचा एक उपयोग सांगते, जो आमच्या शिक्षणात पहिल्याच वर्षी शिकवला गेला आणि ज्यासाठी सेकंद काट्याचे घड्याळ सक्तीचे होते. सकाळी पाच मिनिटे शांत बसा. एका हाताचा तळवा वर करून मांडीवर ठेवा आणि दुसऱ्या हाताची मधली तीन बोटे अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या बाहेरच्या कडेजवळ अलगद टेकवा. अंगठ्याने नाडी पाहू नये, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवून मोजणीत गोंधळ होतो. दाब इतकाच द्यावा की ठोका बोटाखाली भरून येईल. जास्त दाबले तर तो नाहीसा होतो. सेकंद काटा बारावर आला की मोजायला लागा, ३० सेकंदांनी थांबा आणि आलेल्या संख्येची दुप्पट करा. ठोके अनियमित वाटले तर मात्र पूर्ण मिनिटभर मोजावे. विश्रांतीत प्रौढ माणसाची नाडी साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० असते. ती वारंवार १०० च्या वर राहत असेल, किंवा ठोके मध्येच गळत असतील, अथवा नाडी मंद असून चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर नाडी मोजत न बसता तडक रुग्णालय गाठावे.

गंगापूर रोड (नाशिक)

एक वेगळा अनुभव नोंदवतो. माझ्या वडिलांना हृदयाच्या ठोक्यांच्या अनियमिततेचा त्रास आहे आणि ते मनगटावर स्मार्टवॉच वापरतात. त्वचेखालील रक्तप्रवाहावर हिरवा प्रकाश टाकून ते ठोके टिपते. मागच्या पावसाळ्यात त्याने दिलेल्या सूचनेमुळेच आम्ही वेळेत तपासणीला गेलो. त्यामुळे जुने ते चांगले आणि नवे ते त्रासाचे, अशी वाटणी मी करणार नाही. मात्र एक बदल आम्ही केला आहे. त्या घड्याळावर फोनचे निरोप येणे पूर्ण बंद केले असून फक्त प्रकृतीच्या सूचना आणि घरच्यांचे फोन तेवढे चालू ठेवले आहेत. पूर्वी जेवताना दर दोन मिनिटांनी त्यांचे मनगट थरथरे आणि हातातला घास तसाच राही. आता ते पूर्वीसारखे गप्पा मारत जेवतात.

शुभ्रवेश (मिरज)

दादा, तुमच्या वडिलांनी ते घड्याळ जरूर वापरावे, आणि डॉक्टरांनी सांगितले असेल त्याप्रमाणेच वापरावे. माझे म्हणणे ज्यांना असा आजार नाही त्यांच्यापुरते होते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण आधी वेळेची नोंद पूर्ण करायची होती. मुलाच्या प्रयोगाच्या पेटीतील होकायंत्र घड्याळाजवळ नेले तेव्हा सुई एकदम फिरली आणि मग थरथरत राहिली. पेठेतील एका जुन्या घड्याळजींकडे गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावून मागचे झाकण उघडले, मलाही आत पाहू दिले, आणि तो सोनेरी हेलकावा मी आयुष्यात प्रथमच पाहिला. चुंबकत्व घालवायला खरोखर मिनिटही लागले नाही. त्याबद्दल पैसे घेण्यास त्यांनी नकार दिला. त्यानंतर मात्र घड्याळ रोज दोन मिनिटे मागे पडू लागले, तेव्हा सोलापूरच्या दादांनी सांगितले तसे साफसफाई आणि तेलपाणी करून घेतले. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक तारखा होत्या. पूर्वी ज्या ज्या वेळी घड्याळ उघडले गेले, त्या त्या वेळच्या. सर्वांत जुनी तारीख १९८३ ची निघाली. घड्याळजींनी त्यांच्याखाली त्या दिवसाची तारीख कोरली.

आता ते रोज वीस-पंचवीस सेकंदांपेक्षा जास्त चुकत नाही. रात्री त्याची जागा स्वयंपाकघरातील देवळीत आहे आणि सकाळी दूध तापत असताना मी त्याला चावी देते. मध्ये दोनदा रात्री जाग आली, पण किती वाजले हे ठाऊक नसल्यामुळे तशीच पडून राहिले आणि पुन्हा डोळा लागला.

मिरजेच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे आईची नाडीही पाहू लागले आहे. काल ७६ आली. मोजून झाल्यावर मी हात सोडू लागले तेव्हा आईने माझे मनगट धरून तबकडी स्वतःकडे वळवली, वेळ पाहिली आणि म्हणाली, “यांची गाडी आता मेढ्यात आली असती.”