रॉकेलच्या पंपाला पाण्याची ड्रिप, सलाईनच्या सेटवर जमेल का?

ओढ्याकाठचा
नमस्कार मंडळी. आमच्याकडे पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायचा छोटा पंप आहे, एअर कूल्ड, लाईट गेली की ओढ्यातलं पाणी उचलायला तोच एक आधार. सकाळी मस्त चालतो पण दुपारी ऊन तापलं की थोड्या वेळाने लोडवर टकटक टकटक चालू होतं आणि पाण्याची धार पण पडते. कॉक पेट्रोलवर फिरवला की आवाज गायब. युट्यूबवर एकाने सलाईनची बाटली उलटी टांगून कार्बोरेटरच्या पुढे मॅनिफोल्डला (हवा-इंधन इंजिनात नेणाऱ्या नळीला) भोक पाडून थेंब थेंब पाणी सोडलंय, म्हणतो नॉकिंग (गरमीने इंधन अवेळी पेटून होणारी ही टकटक) गेलं आणि वर ॲव्हरेज दीडपट. कुणी केलंय का असलं? इंजिनाची वाट तर लागणार नाही ना?

पाना_नं_१०
दीडपट ॲव्हरेज विसरा भाऊ. पाणी जळत नाही, त्याच्यातून ताकद मिळत नाही, उलट गरज नसताना सोडलं तर थोडी ताकद जातेच. नॉकिंग कमी होतं हे मात्र खरं. पण आधी सांगा की फ्लायव्हीलच्या पंख्यावरचं पत्र्याचं कव्हर जागेवर आहे का? बरेच जण दोरी मारायला अडचण होते म्हणून काढून टाकतात आणि मग पंख्याची हवा हेडवर जातच नाही. फिन्समध्ये (इंजिनावरच्या थंडाव्याच्या पात्यांमध्ये) चिखल, गवत आणि सांडलेलं ऑइल मिळून लिंपण बसतं ते खरवडा. हेड खोलून कार्बन बघा, रॉकेलवर तो भरपूर साचतो, कॉम्प्रेशन वाढवतो आणि लाल होऊन स्पार्कच्या आधीच इंधन पेटवतो. एवढं झाल्यावर पाण्याचं बघू.

जुनं_लोखंड
पाना भाऊंचं बरोबर, पण आयडिया काही युट्यूबवाल्याची नाही हो, शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकेत १९१० पासून रम्ली कंपनीचे ऑइलपुल नावाचे रॉकेलवर चालणारे अवाढव्य ट्रॅक्टर निघत होते, त्यांच्या कार्बोरेटरलाच पेट्रोल, रॉकेल आणि पाणी असे तीन कप्पे होते! चालू पेट्रोलवर, मग रॉकेल, आणि नांगराचा लोड येऊन ठोके पडायला लागले की पाणी. म्हणजे तुमचाच प्रॉब्लेम. नंतर दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांच्या इंजिनात पाणी आणि मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) निम्मं निम्मं मारायचे, १९६२ च्या ओल्डस्मोबिल जेटफायर या टर्बो गाडीत तसल्या पाण्याची वेगळी टाकी यायची आणि २०१६ ला बीएमडब्ल्यूच्या एम४ जीटीएस मध्ये पण पाण्याचा फवारा होता. कारण साधं आहे, १ किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २२५० किलोज्यूल उष्णता लागते, पेट्रोलला साडेतीनशेच्या आसपास. सिलेंडरमधली उष्णता पाणी खातं, म्हणून ठोके थांबतात. (मिथेनॉलच्या नादी मात्र शेतावर लागू नका, विष आहे ते, पाणी म्हणून कुणी प्यायलं तर संपलं.)

व्हॅक्युमवाला
त्या व्हिडिओत भोक चुकीच्या जागी आहे. थ्रॉटलच्या (कार्बोरेटरमधली हवा कमी-जास्त करणारी झडप) पुढे, इंजिनच्या बाजूला जे व्हॅक्युम असतं ते थ्रॉटल मिटलेला असताना सगळ्यात जास्त आणि फुल लोडवर सगळ्यात कमी. म्हणजे पाणी हवं तेव्हा मिळणार नाही आणि नको तेव्हा भसाभस ओढलं जाणार. तुमच्या पंपाने हवा धरली, लोड सुटला की गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) थ्रॉटल मिटवतो, लगेच पाण्याचा घोट आत आणि इंजिन बंद. त्यापेक्षा कार्बोरेटरच्या तोंडाकडून, हवा जिथे अरुंद जागेतून जाते तिथे बारीक सुई बसवा, सुईचं तिरकं तोंड इंजिनकडे. जास्त हवा ओढली तर जास्त पाणी, आपोआप.

आणि बाटली वर टांगायची नाही म्हणजे नाही!! इंजिन बंद पडलं तरी ती ठिबकत राहते, व्हॉल्व्ह उघडा असेल तर पाणी सिलेंडरमध्ये जाऊन बसतं, पाणी काही दबत नाही, पुढच्या दोरीला कनेक्टिंग रॉड वाकलाच समजा. बाटलीतली पाण्याची पातळी सुईपेक्षा दोनेक इंच खाली ठेवा, म्हणजे हवेने ओढलं तरच चढेल. सलाईन सेटचा चेंबर मग उपयोगाचा नाही, नळी आणि चाकवाला रेग्युलेटर तेवढा घ्या. माप सांगतो, इंजिन तासाला लिटरभर रॉकेल पीत असेल तर १५ ते २० टक्के म्हणजे तासाला दीडशे ते दोनशे मिली पाणी पुष्कळ झालं. बाटलीवर चिकटपट्टी लावून खुणा करा आणि दहा मिनिटात किती उतरलं ते बघा.

कमी_बोलतो
एक राहिलं. पेट्रोलसारखं रॉकेल पटकन उडत नाही, त्याला गरम इंजिन लागतंच. पाणी जास्त झालं तर न जळलेलं रॉकेल रिंगमधून खाली उतरून ऑइल पातळ करतं. डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसली किंवा ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी बंद, ऑइल बदला. इंजिन पूर्ण तापल्यावरच पाणी चालू करायचं, आणि बंद करायच्या आधी पाणी तोडून पाचेक मिनिटं पेट्रोलवर कोरडं चालवायचं.

ओढ्याकाठचा
सगळ्यांचे आभार. पाना दादा, कव्हर खरंच नाहीये, जुना घेतला तेव्हापासूनच नाही, आम्हाला वाटलं असाच असतो 😅 आता पत्रा कापून करून घेतो. पाणी बोअरचं चालेल का? आमचं जड आहे, भांड्यांना पांढरे डाग पडतात.

पाना_नं_१०
बोअरचं अजिबात नको, तोच पांढरा थर व्हॉल्व्हच्या सीटवर आणि प्लगवर बसेल. बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी (ॲसिड नव्हे) आणा नाहीतर पावसाचं गाळून ठेवा. पण आधी कव्हर बसवा, हेड साफ करा आणि भर दुपारी चालवून बघा. मला तर वाटतं सुई लावायची वेळच येणार नाही. कव्हर करताना जुन्याचं माप मिळालं तर बघा, पत्रा फिन्सपासून फार लांब राहिला तर हवा बाजूने निघून जाते.