गोल्डन की लॅब्रॉडर? टापटीप टू बीएचकेत केस गळणारा मोठा कुत्रा निभेल का?

टापटीप_घर

घर पुण्यात, तिसरा मजला, लिफ्ट आहे, ८५० चौरस फूट. माणसं पाच: आम्ही दोघं, ११ आणि १४ वर्षांची मुलं, सासूबाई. मुलांना गोल्डन रिट्रीव्हर हवाय, नवऱ्याचं मत लॅब्रॉडरला. माझा विरोध कुत्र्याला नाही, केसांना आहे. घर दिवसातून दोनदा झाडलं जातं. सकाळी मावशी झाडतात-पुसतात, संध्याकाळी आमच्यापैकी कोणीतरी. फरशी पांढरी व्हिट्रिफाइड, सोफा गडद निळ्या मखमलीचा. देवघर स्वयंपाकघरातच आहे. ताटात केस आला तर सासूबाई जेवणावरून उठतील, आणि त्यांना धुळीची अॅलर्जीही आहे.

दोघांपैकी कोणाचे केस कमी गळतात? रोजचं काम नेमकं किती वाढतं? "जीव लागला की केसांचं काही वाटत नाही" छापाची उत्तरं कृपया नकोत, ती घरात रोज ऐकतेय.

खरारा

"लॅबचे केस आखूड, म्हणून कमी गळतात" हे आधी डोक्यातून काढा. दोघांचाही कोट दुहेरी असतो: बाहेर राठ केस, आत दाट मऊ लव. गळते ती मुख्यतः ही आतली लव, आणि लॅबची लव भरपूर असते. फरक पडतो तो केस कुठे अडकतात यात. गोल्डनचे लांब केस जमिनीवर पडले की एकमेकांत गुंतून बोळे होतात, पलंगाखाली आणि दारामागे गोळा होतात, उचलायला सोपे. लॅबचे आखूड, ताठ केस कापडात सुईसारखे उभे घुसतात. सोफा, मोजे, गाडीची सीट, शाळेचा स्वेटर यातून ते काढायचं काम जास्त चिकट. म्हणजे फरशीपुरतं बोलायचं तर गोल्डन बरा, कापडापुरतं तर लॅबपेक्षा जवळपास कोणीही बरं.

वर्षभर थोडे गळतात आणि दोनदा लाट येते, साधारण थंडी सरताना आणि पावसाळा संपल्यावर. प्रत्येक लाट दोन ते चार आठवडे. केस बदलण्याचा संबंध दिवसाच्या लांबीशी आहे. आपल्याकडे दिवस फार लहान-मोठा होत नाही, शिवाय घरात रात्री उशिरापर्यंत दिवे असतात. त्यामुळे थंड देशांसारखा ठळक हंगाम दिसत नाही, गळणं बारा महिने पसरतं.

आता काम. लॅबला आठवड्यातून तीनदा १० मिनिटं. आधी रबरी खरारा गोल फिरवायचा, त्याने सुटलेली लव वर येते, मग केसांच्या दिशेने साधा ब्रश. गोल्डनला आठवड्यातून चारदा २० मिनिटं: अंडरकोट रेक (आतली लव ओढणारा लांब दात्यांचा कंगवा), मग स्लिकर ब्रश (बारीक तारांचा), शेवटी स्टीलचा कंगवा. केस हाताने वर धरून खालून थराथराने विंचरायचे. वरवर ब्रश फिरवला तर वरचा थर चकाकतो आणि आत गुंता तसाच राहतो. कानामागे, काखेत, मांड्यांच्या मागच्या लांब केसांच्या झालरीत आणि शेपटीखाली गाठी आधी होतात. लाटेच्या दिवसांत दोघांनाही रोज.

पात्याचं डीशेडिंग हत्यार (सुटलेली लव ओढून काढणारं) आठवड्यातून एकदाच, न दाबता, आणि जास्तीत जास्त १० मिनिटं. भरभर केस निघतायत म्हणून माणूस थांबत नाही, आणि मग बाहेरचे राठ केसही तुटायला लागतात. ब्रशिंग जमलं तर बाल्कनीत करा, पण वाऱ्याची दिशा बघून. खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतील तर भांडण ठरलेलं.

आणि हे नीट लक्षात घ्या: ब्रशिंगमुळे गळणारे केस कमी होत नाहीत. ते सोफ्यावर पडण्याऐवजी ब्रशमध्ये येतात, इतकंच. ओमेगा-३ च्या गोळ्या किंवा महागडं खाणं यांनी कोरडी त्वचा सुधारू शकते, दुहेरी कोट गळायचा थांबत नाही.

मोरीची_जाळी

वरच्या प्रतिसादात कुत्र्याकडचं काम आलं, मी घराकडचं सांगते.

फुलझाडू हा अशा घरात शत्रू. हलके केस त्याच्यापुढे उडतात आणि झाडून झाल्यावर पुन्हा खाली बसतात. पंखा बंद करून आधी कोरडा मायक्रोफायबरचा सपाट मॉप किंवा रबरी झाडू, मग ओली फरशी. क्रम उलटा झाला तर ओले केस दोऱ्यांसारखे फरशीला आणि स्कर्टिंगला चिकटतात, वाळल्यावर खरवडून काढावे लागतात. मावशींना हा क्रम दाखवून द्या आणि वाढलेल्या कामाचे पैसे आधीच ठरवा. पगार तोच ठेवून काम दीडपट झालं की मावशी जातात, आणि दोष कुत्र्यावर येतो.

माझा हिशेब असा. लॅब: ब्रशिंग आठवड्याला ३० मिनिटं, फरशीचं जादा काम रोज १५ मिनिटं, सोफा-चादरी आठवड्यातून दोनदा १०-१० मिनिटं. सगळं मिळून आठवड्याला अडीच तास. गोल्डनचं ब्रशिंग ८० मिनिटांचं, आणि झालरी पुसायला रोज पाच मिनिटं धरली तर चार तास. लाटेत दोन्ही आकडे सहज दीडपट होतात. यात फिरवणं आलेलं नाही.

मखमली सोफा आणि लॅब एका घरात ठेवू नका. घट्ट विणीचं गुळगुळीत कापड किंवा लेदरेट चालतं. सोफा बदलायचा नसेल तर त्यावर जाड सुती चादर, आणि कुत्र्याने वर चढायचं नाही हा नियम पहिल्या दिवसापासून, पाचही माणसांनी पाळलेला. एकाने लाडात सवलत दिली की नियम संपला. कापडावरचे केस काढायला भांडी घासायचा रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने ओढा, केसांची गुंडाळी होऊन येते.

कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी कोरडेच झटका. भिजलेला केस कापडाला चिकटतो. फ्रंट लोडमध्ये उरलेले दाराच्या रबरात आणि खालच्या पंप फिल्टरमध्ये जमतात. फिल्टर दर दोन आठवड्यांनी उघडा, नाहीतर एक दिवस पाणी बाहेर जायचं थांबेल. एसीच्या जाळ्याही उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी धुवा. आंघोळ घालाल त्या मोरीवर बारीक जाळी हवीच.

स्वयंपाकघर मात्र वाचवता येतं. दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक, किमान तीन फूट उंच. बंद जागा, आत पंखा नाही, ओटा पुसायचा कपडा वेगळा. तरी केस कुत्र्यासोबतच जातात असं नाही, ते तुमच्या कुर्त्यावरून आत जातात. ताटात केस येण्याची शक्यता फार कमी करता येते, शून्य नाही. सासूबाईंना आजच हे असंच सांगा.

गोचीडमार

अॅलर्जीबद्दल दोन गोष्टी. धुळीची अॅलर्जी बहुतेक वेळा धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची असते, कुत्र्याची अॅलर्जी वेगळी. तिची कारणं कुत्र्याच्या लाळेतली, कोंड्यातली आणि लघवीतली प्रथिनं. केस हे फक्त वाहन. म्हणून केस न गळणाऱ्या जातीनेही त्रास होऊ शकतो. सासूबाईंची कुत्र्यासाठी त्वचेवरची किंवा रक्ताची अॅलर्जी चाचणी पिल्लू ठरवण्याआधी करून घ्या. चाचणी सकारात्मक आली आणि त्यांना दमाही असेल तर विषय तिथेच मिटतो. आलेला कुत्रा सहा महिन्यांनी परत देण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

दुसरं, पावसाळा. जून ते सप्टेंबर खरी अडचण केसांची नसते, ओल्या लवेची असते. बाहेरून कोरडा वाटणारा गोल्डन आत ओला राहतो. मग वास येतो, बुरशी येते, आणि रात्रीत तळहाताएवढं लाल, चिघळलेलं चट्टं उठू शकतं. फिरून आल्यावर पंजे मगात बुडवून धुवायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या करायच्या, पोट आणि झालरी मायक्रोफायबर टॉवेलने टिपायच्या. आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरते. आंघोळीआधी विंचरायचं, कारण भिजल्यावर गाठ आणखी घट्ट होते. माणसांचा शॅम्पू नको. नंतर ब्लोअरने कातडीपर्यंत वाळवायचं. गोल्डनला पाऊण ते एक तास लागतो. आपला केसांचा ड्रायर वापरलात तर थंड हवेवर.

कान आठवड्यातून एकदा उघडून बघा. लोंबत्या कानांच्या या दोन्ही जातींत दमट हवेत कानाचा संसर्ग नेहमीचा, आणि घरात येणारा 'कुत्र्याचा वास' पुष्कळदा कानाचाच असतो. गोचिडांचं औषध बारा महिने, फक्त पावसाळ्यात नाही. गोचीड-ताप जीवावर बेततो.

गळणं कधी आजाराचं समजायचं? टक्कल पडलेले गोल, लाली, सतत खाजवणं, कोंडा, किंवा खाणं तेच असूनही वजन वाढणं आणि दोन्ही बाजूंना सारखे केस विरळ होणं. शेवटच्यात थायरॉइड तपासतात. लॅब आणि गोल्डन दोघांतही तो आजार दिसतो.

अजून एक, जे टापटीपवाल्यांना आवडत नाही. गुळगुळीत फरशीवर मोठा कुत्रा सतत घसरतो, आणि या दोन्ही जातींत खुब्याच्या सांध्याच्या त्रासाची शक्यता मुळातच जास्त असते. म्हणजे चालण्याच्या वाटेवर काहीतरी अंथरावं लागणार. विणलेला गालिचा केस धरून ठेवतो, म्हणून धुता येणाऱ्या रबरी पट्ट्या घाला. दिसायला छान नाहीत, मान्य.

टापटीप_घर

अशीच उत्तरं हवी होती, आभार. तीन उपप्रश्न. उन्हाळ्यात सलूनमध्ये पूर्ण केस काढून घेतले तर? रोबोट व्हॅक्यूमने संध्याकाळचा झाडू सुटेल का? आणि पिल्लाऐवजी मोठा कुत्रा घेतला तर केसांच्या बाबतीत काही फरक?

खरारा

पूर्ण काढू नका. दुहेरी कोट ऊनही अडवतो. वस्तरा-मशीन फिरवल्यावर कातडी भाजू शकते, आणि पुन्हा येताना लव आधी वाढते, राठ केस मागे पडतात, कधी ठिगळं राहतात. गळणंही थांबत नाही, आखूड तुकडे गळतात. म्हणजे गोल्डनचा लॅब करून घ्यायचा, तोही पैसे देऊन. पंजांच्या गादीमधले, शेपटीखालचे आणि झालरीचे टोकाचे केस कापून घ्या. घसरणं आणि चिखल दोन्ही कमी होतात.

मोठ्या कुत्र्याने फरक पडतो. पिल्लाचा मऊ कोट साधारण चार ते सहा महिन्यांच्या सुमारास बदलायला लागतो, त्यामुळे दोन महिन्यांचं पिल्लू बघून गळण्याचा अंदाज येतच नाही. तीन वर्षांच्या कुत्र्यावरून हात फिरवलात की लगेच कळतं. शिवाय फर्निचर कुरतडण्याचं आणि घरात शू करण्याचं वय उलटलेलं असतं.

मोरीची_जाळी

रोबोट रोजच्या फरशीला मदत करतो, पण रबरी रोलरचा घ्या. ब्रिसलच्या (ताठ धाग्यांच्या) रोलरला केस गुंडाळले जातात, ते कात्रीने कापत बसावं लागतं. पुढचं लहान चाकही आठवड्याला काढून साफ करायचं. लाटेच्या दिवसांत डबा एका फेरीत भरतो आणि मग तो नुसता फिरतो, उचलत काही नाही. कोपरे, सोफा तुमच्याकडेच. पिल्लू असेल तर कोणी घरात नसताना अजिबात चालू ठेवू नका. शी चाकाखाली आली तर ८५० चौरस फुटांवर सारवली जाते.

स्पष्टवक्ता

वरचे सगळे कामाचं बोलले, पण काम कोण करणार ते कोणी विचारलं नाही. कुत्रा मुलांना हवाय, केस तुम्हाला खुपतात. दहावी जवळ आली की १४ वर्षांच्या मुलाचा ब्रश कोणाच्या हातात येणार हे सांगायला नको. अडीच किंवा चार तासांपुढे नावं लिहून काढा. तुमच्या नावापुढे एक तासाच्या वर आलं तर सध्या घेऊ नका. त्यात रोजचे दीड-दोन तास फिरवणं मिळवा, एप्रिल-मेमध्ये तेही पहाटे आणि अंधार पडल्यावर.

'न गळणारा' म्हणून पूडल सुचवतील. खरंच कमी गळतो, पण केस वाढत राहतात. दर चार ते सहा आठवड्यांनी कटिंग आणि मधल्या काळात जवळपास रोज विंचरणं. केर गेला, खर्च आला. आपला गावठी कुत्रा मात्र विचारात घ्या. केस आखूड, लव बऱ्याचदा पातळ, पावसात पटकन वाळतो. तोही गळतो, पण लॅबच्या तुलनेत बराच कमी. आपल्याकडचा पश्मी (लांब पायांचा, सडपातळ शिकारी कुत्रा) अंगाने टापटीप घरात शोभेल असा, पण त्याला धावायला मोकळं रान लागतं. तिसऱ्या मजल्यावर त्याचे हाल होतील.

जर्मन शेफर्डचं नाव अजून कोणी काढलं नाही म्हणून आधीच सांगतो: नको.

टापटीप_घर

नावं लिहिली. माझ्यापुढे दोन तास दहा मिनिटं आली, नवऱ्यापुढे २० मिनिटं. त्याला यादी दाखवलीय. पिल्लू रद्द. सासूबाईंची चाचणी नीट आली तर दोन आठवड्यांसाठी तात्पुरता सांभाळायला मोठा कुत्रा आणायचं ठरतंय. कोणत्या महिन्यात आणू?

खरारा

लाट असेल तेव्हाच, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये. आणण्याच्या आधीच्या आठवड्यात त्याला सलूनमध्ये नेलं नव्हतं ना, हे विचारून घ्या. नुकताच ब्लोअर मारलेला कुत्रा पहिले काही दिवस फारच शहाणा वाटतो. सोफ्यावरची चादर त्या दोन आठवड्यांत बदला, पण एक काळी पँट मुद्दाम बाहेरच्या खोलीत टांगून ठेवा, केस किती जमतात ते तिच्यावर दिसेल.

गोचीडमार

आणि सासूबाईंची खोली कुत्र्याला पहिल्या दिवसापासून बंद. दोन आठवड्यांत शिंका किंवा धाप लागली तर चाचणी काहीही म्हणो, डॉक्टरांना दाखवा. आणायच्या आधी कुत्र्याला गोचिडांचं औषध दिलंय का आणि रेबीजची लस कधी दिली, ते तारखेसह लेखी घ्या.