मदत हवी आहे: रिअ‍ॅक्टर थंड व्हायला ५ तास का लागतात, हे शोधायचं कसं?

मंडळी, नमस्कार. मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. सयाजीरावांनी १८९० मध्ये हाताला काम शिकवायला काढलेल्या कलाभवनातच केमिकल इंजिनिअरिंग केलं. ऑगस्टपासून नंदेसरीत एका कारखान्यात ट्रेनी प्रोसेस इंजिनिअर आहे. इतके महिने पाइपलाइनींच्या मागे फिरून ड्रॉइंग ताडून पाहिली. आता पहिलंच स्वतंत्र काम मिळालंय आणि तिथेच अडले आहे.

५ हजार लिटरचा ग्लास लाइन्ड (पोलादी, आतून काचेचा थर असलेला) रिअ‍ॅक्टर. रिअ‍ॅक्शन संपली की माल ११० अंशांवरून ४० वर आणायचा, मग फिल्टर. जानेवारीत ३ तास लागायचे, आता मे महिन्यात ५. इन्चार्ज साहेब म्हणतात जॅकेटमध्ये (भांड्याभोवतीचं, थंड पाणी फिरवायचं आवरण) क्षार बसलेत, अ‍ॅसिड फिरवा. पंचवीस वर्षं तिथे असलेले ऑपरेटर काका म्हणतात, "बेन, पाणी ज गरम आवे छे."

लॉगशीट उघडलं तर प्रत्येक बॅचला 'कूलिंग ४ तास' लिहिलेलं, हिवाळा असो की उन्हाळा. म्हणून टेम्परेचर रेकॉर्डरवरून खरे वेळ काढले आणि शेवटच्या चार बॅचेसना स्वतः शेजारी बसले. कूलिंग टॉवरचं पाणी सध्या ३३ अंशांवर आहे, जानेवारीत २५ होतं. हीट ट्रान्सफरचं सूत्र पाठ आहे, त्यात मार्कही चांगले पडले होते. पण त्या भांड्यासमोर उभं राहिल्यावर आधी काय मोजायचं तेच सुचेना.

घरचे म्हणतात क्वालिटीत जागा निघाली आहे, तिकडे जा. मला प्रोसेसमध्येच राहायचंय. कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

प्रतिसाद: जुना शिफ्ट इंजिनिअर

तुम्ही बॅचशेजारी बसलात, तिथेच निम्मं काम झालं. आता आकडे तुमच्याकडेच आहेत, मांडून बघा.

माल आणि पाणी यांच्यातला फरक जानेवारीत ८५ वरून १५ वर येत होता, आता ७७ वरून ७ वर येतो. थंड व्हायचा वेळ या दोन फरकांच्या गुणोत्तराच्या लॉगवर (नैसर्गिक लॉगरिदमवर) ठरतो. जॅकेटभर पाण्याचं तापमान सारखं धरलं तर तेव्हा १.७३, आता २.४०. म्हणजे जॅकेट स्वच्छ असतं तरी ३ तासांचे सव्वाचार झाले असते. काकांचं बरंचसं बरोबर आहे. उरलेली पाऊण तासाची वाढ क्षारांची किंवा कमी झालेल्या फ्लोची. त्यासाठी आधी स्ट्रेनर (पाण्याच्या पाइपातली गाळणी) उघडून बघा, मग दर १५ मिनिटांनी मालाचं आणि जॅकेटमध्ये जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याचं तापमान घ्या.

५० वरून ४० वर यायलाच एकूण वेळाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग जातो. चिल्ड वॉटर (यंत्राने गार केलेलं पाणी) असेल तर फक्त त्या शेवटच्या १० अंशांना मागा. पण काचेला सोसणारा तापमानाचा फरक किती ते आधी पाहा, आणि तुमचा माल थंड भिंतीवर चिकटतो का तेही. बदल लेखी मंजुरीशिवाय करू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: जॅकेटमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड फिरवू देऊ नका. लोखंडाशी त्याची क्रिया होऊन जो हायड्रोजन सुटतो, तो पोलादातून आरपार जाऊन काचेखाली साठतो आणि काचेचे टवके उडतात. रिअ‍ॅक्टर बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत जॅकेटसाठी जे क्लीनर दिलंय तेच वापरायचं.

रात्रीच्या बॅचेसचे आकडे काकांकडून घ्या. 'तुमचं बरोबर निघालं' हे गणित दाखवून त्यांना सांगा, लॉगशीटमध्ये खरे वेळ आपोआप येऊ लागतील. क्वालिटीचा विचार वर्षभर तरी बाजूला ठेवा.

धागाकर्ती:

खूप आभार. अ‍ॅसिडचे कारबॉय (मोठे कॅन) कालच स्टोअरमधून निघालेत, गुरुवारी फिरवणार होते. पुस्तिका मेंटेनन्सच्या कपाटात आहे असं कळलं. उद्या पहिल्या बसने जाते आणि ते पान साहेबांपुढे ठेवते.